जपानला परत जाताय? मग आधी मोजा, मधे किती मार्च गेले

जपानला एकदा जाऊन आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा जाताना जरा जास्तच कॉन्फिडन्स असतो. आपल्याला सगळं माहितीये, सुइका कार्ड (ट्रेन-बसला टेकवायचं रिचार्जवालं) ड्रॉवरमध्ये पडलंय, रेल पास घ्यायचा, शिंजुकुला कुठून बाहेर पडायचं ते पाठ आहे, बस झालं. आणि गंमत म्हणजे त्यातलं निम्मं खरंच अजून चालतं. ट्रेन तशाच सेकंदावर येतात, लोक तसेच रांगेत उभे राहतात, प्लॅटफॉर्मवरचे बाण तिथेच असतात. बदललाय तो तिकिटाचा सगळा व्यवहार, कुठला पास परवडतो, कुठलं कार्ड कुठे चालतं, कुठली गाडी आता अर्ध्यातच थांबते, आणि नेमकं याच बाबतीत आपण जुन्या आठवणीवर विसंबून राहतो. एरवी पहिल्यांदा जाणारा सगळं वाचून जातो, दुसऱ्यांदा जाणारा काहीच वाचत नाही, म्हणून हे मुद्दाम दुसऱ्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहितोय.

एक सोपा हिशोब सांगतो. जपानमध्ये रेल्वेचं मोठं वेळापत्रक दरवर्षी मार्चच्या मध्यावर बदलतं, साधारण एखाद्या शनिवारी, आणि नव्या लाईन, बंद झालेल्या लाईन, नवे नियम, भाडेवाढ यातलं बरंचसं त्याच सुमाराला लागू होतं. त्यामुळे तुमची मागची ट्रिप आणि ही ट्रिप यांच्या मधे किती मार्च महिने गेले ते मोजा. एखादाच गेला असेल तर फार टेन्शन नाही. २०१९ मध्ये वगैरे जाऊन आला असाल तर मात्र नवीनच देश आहे असं समजून तिकिटांचा विचार करा, रस्त्यांचा नाही केलात तरी चालेल.

रेल पास: आधी बेरीज, मग खरेदी

पूर्वी सात दिवसांचा जपान रेल पास २९,६५० येनला मिळायचा आणि टोकियो ते क्योटो जाऊन-येऊन जवळपास वसूल व्हायचा, त्यामुळे डोळे झाकून घ्यायचा अशी पद्धत होती, नातेवाईकांनाही आपण तेच सांगायचो. ऑक्टोबर २०२३ पासून तोच पास ५०,००० येन झाला. चौदा दिवसांचा ८०,००० आणि एकवीस दिवसांचा एक लाख. दर पुढेही बदलू शकतात, निघायच्या आधी अधिकृत साइटवर आजचा आकडा बघून घ्याच.

आता बेरीज बघा. टोकियो ते क्योटो नोझोमी या बुलेट ट्रेनचं रिझर्व्ह तिकीट साधारण १४ हजार येन. जाऊन-येऊन २८ हजार. म्हणजे पासच्या जवळपासही जात नाही. बरं समजा हिरोशिमापर्यंत गेलात, टोकियो-क्योटो, मग क्योटो-हिरोशिमा, मग हिरोशिमाहून थेट टोकियोला परत, तरी ४५ हजारांच्या आसपास थांबतं. इतकी धावपळ करूनसुद्धा पास महागच पडतो. तो परवडतो कोणाला, तर सात दिवसांत दक्षिणेतल्या क्युशूपासून उत्तरेतल्या तोहोकूपर्यंत रोज एक शहर असं पळणाऱ्यांना, आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर तसं पळायला परत जपानला जाऊच नये, ते पहिल्या ट्रिपला झालेलं असतं.

त्यात आणखी एक. पास असला तरी नोझोमी आणि मिझुहो या सगळ्यात फास्ट गाड्या पूर्वी वर्ज्यच होत्या. आता चालतात पण वरचे पैसे भरून, टोकियो-क्योटोला ४,९६० येन. ५० हजार देऊन परत पाच हजार, हे जरा अतीच होतं. साधं तिकीट काढलंत तर कुठलीही गाडी पकडता येते.

मग पास घ्यायचाच नाही का, तर तसंही नाही. एकाच भागात राहणार असाल तर त्या भागाचे पास बघा. जेआर (म्हणजे जपान रेल्वे) वेस्टचा कान्साई-हिरोशिमा पास, जेआर ईस्टचा पास, क्युशूचे वेगळे पास, हे अजूनही कामाचे आहेत. परत जाणाऱ्याला असंही एकाच भागात निवांत फिरायचं असतं, तेव्हा विमानाचं तिकीट काढतानाच ठरवा की टोकियोत उतरून ओसाकाहून परत यायचं की उलटं, शिंकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, एक पूर्ण फेरा वाचतो.

ड्रॉवरमधलं कार्ड काढा

मागच्या वेळचं सुइका, पास्मो किंवा इकोका कार्ड सापडलं तर फेकू नका. शेवटचं वापरून दहा वर्षं झाली नसतील तर ते चालतं, आतले पैसेही तसेच असतात. २०१३ पासून अशी दहा प्रकारची कार्डं एकमेकांच्या भागात चालतात, म्हणजे टोकियोत घेतलेलं सुइका ओसाकाच्या मेट्रोला, क्योटोच्या बसला, सप्पोरोच्या सबवेला दाखवता येतं. गेटवर टेकवल्यावर लाल दिवा लागून फ्लॅप बंद झाला तर घाबरायचं काही नाही, बऱ्याचदा मागच्या वेळी शेवटच्या दिवशी आत शिरल्याची नोंद झालेली असते आणि बाहेर पडल्याची नसते, किंवा बॅलन्स कमी असतो. गेटच्या टोकाला खिडकीत माणूस असतो, त्याच्यासमोर कार्ड ठेवा, तो मशीनला लावून नीट करून देतो. भाषा येण्याची गरजच पडत नाही.

मधल्या काळात चिपच्या तुटवड्यामुळे जून २०२३ पासून साध्या सुइकाची विक्री बंद होती, ती मार्च २०२५ मध्ये परत सुरू झाली. त्यामुळे "हल्ली सुइका मिळतच नाही" असं कोणी सांगितलं तर ती जुनी बातमी आहे. साध्या कार्डाला ५०० येन डिपॉझिट लागतं. पर्यटकांसाठी वेलकम सुइका वेगळं असतं, त्याला डिपॉझिट नाही पण २८ दिवसांनी संपतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. परत परत जाणाऱ्याने साधंच घ्यावं. जाताना परतही करू नका, पुढच्या वेळी लागणारच आहे.

फोनवरचं काय, तर आयफोनवर वेलकम सुइका मोबाईल नावाचं अॅप मार्च २०२५ मध्ये आलं आणि ते १८० दिवस चालतं. पण भारतातल्या बँकेचं कार्ड अॅपल पेमध्ये बसत नाही, त्यामुळे पैसे भरताना आपली गाडी अडते, मग कन्व्हिनियन्स स्टोअरच्या काउंटरवर रोख देऊन भरत बसा. अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्यांनी मात्र खुशाल फोनवर घ्यावं. अँड्रॉइडवाल्यांनी विचारच करू नये, जपानबाहेर घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ती सोयच नसते. प्लास्टिकचं कार्ड आणि हजार-हजारच्या नोटा, झालं काम. कार्डात जास्तीत जास्त २० हजार येन राहतात, आणि स्टेशनातल्या बऱ्याचशा मशीनवर ते रोखीनेच भरावे लागतात हे लक्षात असू द्या.

आणि जी गोष्ट मागच्या वेळी नव्हतीच ती म्हणजे बँकेचं टॅप कार्ड थेट गेटवर. ओसाका मेट्रो, कान्साईतल्या हांक्यू, हान्शिन, किनतेत्सु या खासगी रेल्वे, फुकुओकाची सबवे, इथे व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवून जाता येतं, त्यासाठीचं गेट वेगळं असतं, सगळ्याच गेटना ती सोय नसते. निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये परदेशातला वापर चालू करा, आणि टॅपचं बटण बहुतेक बँकांमध्ये वेगळं असतं तेही चालू करा. नवरा-बायकोने दोन वेगळी कार्डं ठेवायची, एकाच कार्डावर दोघं शिरता येत नाही. टोकियोत मात्र जेआरच्या यामानोते लाईनला वगैरे हे गृहीत धरू नका, तिथे अजून सुइकाचंच राज्य आहे. उलट कुमामोतोत बसवाल्या पाच कंपन्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुइकासारखी देशभर चालणारी कार्डं घेणंच बंद केलं, कारण मशीन बदलायचा खर्च झेपेना. तिथे बँकेचं कार्ड किंवा सुटे पैसे ठेवा.

एक जुनाच नियम आहे पण लोक विसरतात. कार्ड सगळीकडे चालतं याचा अर्थ एका भागात आत शिरून दुसऱ्या भागात बाहेर पडता येतं असा नाही. टोकियोहून साध्या गाड्यांनी निवांत बदलत बदलत नागोयाकडच्या जेआर सेंट्रलच्या हद्दीत उतरायचं असेल तर सरळ कागदी तिकीट काढा, नाहीतर बाहेर पडताना खिडकीवर रोख भरा, वर कार्ड मोकळं करून घेण्याची भानगड.

फास्ट, स्लो आणि निशी-कासाई

मुंबई लोकलवर वाढलेल्या माणसाला टोकियो लवकर जमतं कारण इथेही सगळा खेळ फास्ट-स्लोचाच आहे, फक्त फास्टचे पाच प्रकार आहेत आणि प्रत्येक कंपनीने नावं वेगळी ठेवलीयेत. रॅपिड, एक्स्प्रेस, सेमी एक्स्प्रेस, लिमिटेड एक्स्प्रेस, कम्युटर अमुक तमुक. नावावर जाऊ नका, डब्याच्या दारावर पट्टी असते आणि प्लॅटफॉर्मवर तक्ता असतो, आपल्या स्टेशनला टिंब आहे का ते बघा. इंडिकेटरवर गाडीचा प्रकार रंगात येतो. गुगल मॅप्स गाडीचा प्रकार सांगतो, प्लॅटफॉर्म सांगतो, बऱ्याच ठिकाणी कुठल्या डब्यात बसलं तर जिना समोर येईल तेही सांगतो, आणि तरीही आपण आलेली पहिली गाडी पकडतो, हा सगळा मुंबईचा संस्कार.

मराठी माणसाला हे कुठे नडतं तर तोझाई लाईनला. टोकियोत आपले ओळखीचे, भाचे-पुतणे, ऑफिसमधले कोणी ना कोणी निशी-कासाईला राहतात, आयटीवाल्या भारतीय कुटुंबांची वस्ती तिथे मोठी आहे, जेवायला बोलावतातच. ओतेमाची किंवा निहोनबाशीहून तोझाई लाईन पकडायची, स्टेशन नंबर टी १६. आता त्या लाईनवरची रॅपिड तोयोचोनंतर मिनामी-सुनामाची, निशी-कासाई आणि कासाई, तिन्ही गाळून थेट उरायासुला थांबते, म्हणजे तुम्ही टोकियो सोडून चिबात पोचता आणि तिकडे भात गार होतो. तेव्हा लोकलच पकडायची. सकाळच्या गर्दीच्या वेळी ही लाईन टोकियोतल्या सगळ्यात खच्चून भरणाऱ्या लाईनींपैकी आहे, विरारवाल्यांना काही वाटणार नाही पण सामान घेऊन जाऊ नका. लहान मुलं सोबत असतील तर पुढच्या कासाई स्टेशनला रुळांखालीच सबवेचं म्युझियम आहे, तिकडे एक चक्कर होते.

स्टेशनच्या अक्षर-आकड्याचा कोड लक्षात ठेवणं हा सगळ्यात मोठा आधार, नावं एकसारखी वाटतात पण जी ०९ म्हणजे गिन्झा आणि जी १९ म्हणजे आसाकुसा यात घोटाळा होत नाही. सोबत आई-बाबा असतील तर त्यांना हॉटेलजवळच्या स्टेशनचा कोड कागदावर लिहून द्या, चुकामूक झाली तर तो कागद दाखवला की काम होतं.

मागच्या वेळी चुओ लाईनच्या नारिंगी गाडीत कुठल्याही डब्यात चढत असाल तर आता थांबा. मार्च २०२५ पासून त्या गाडीला दोन डबलडेकर ग्रीन कार लागल्यात, चौथा आणि पाचवा डबा, तो आपला फर्स्ट क्लास समजा. वेगळं तिकीट लागतं. सुइकावर आधीच घेतलं तर ५० किलोमीटरपर्यंत ७५० येन, आणि न घेता जाऊन बसलात तर डब्यातली अटेंडंट येऊन शांतपणे हसत २६० येन जास्त घेते. सीटच्या वर लाल दिवा असतो, तिथे कार्ड टेकवलं की हिरवा होतो. ताकाओच्या डोंगरावर जाऊन दिवसभर पायपीट करून परत येताना मात्र हे ७५० येन अगदी सत्कारणी लागतात.

सबवेबद्दल थोडक्यात. टोकियोत दोन वेगळ्या कंपन्या आहेत, टोकियो मेट्रोच्या नऊ लाईन आणि तोएइच्या चार. दोन्हीवर चालणारं २४, ४८ आणि ७२ तासांचं पर्यटक तिकीट मिळतं, ते पहिल्यांदा गेटमध्ये घातल्यापासून तास मोजतं, कॅलेंडरचा दिवस नाही, म्हणून संध्याकाळी पोचलात तरी त्याच दिवशी सुरू करायला हरकत नाही. जेआरवर ते चालत नाही. काही स्टेशनांत लाईन बदलताना गेटमधून बाहेर येऊन परत आत जावं लागतं, तेव्हा नारिंगी रंगाचं गेट शोधा आणि ६० मिनिटांत परत शिरा, नाहीतर नवीन प्रवास धरला जातो.

आता शिंजुकु. जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन, रोज ३० लाखांहून जास्त माणसं, आणि दोनशेच्या वर बाहेर पडायच्या वाटा. तुमच्या डोक्यात जुना नकाशा असेल तर तो जरा बाजूला ठेवा. जुलै २०२० मध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे तिकिटाशिवाय थेट जाता येणारा रस्ता स्टेशनच्या आतून उघडला, पूर्वी त्यासाठी भलामोठा वळसा घालावा लागायचा, ही चांगली बातमी. दुसरी बातमी अशी की पश्चिमेकडची खूण म्हणून आपण जे ओदाक्यूचं डिपार्टमेंट स्टोअर लक्षात ठेवलं होतं ते २०२२ मध्ये बंद होऊन पाडलं, तिथे टॉवर उभा राहतोय. शिबुयात तर प्लॅटफॉर्मच सरकलेत, जानेवारी २०२० मध्ये गिन्झा लाईनचा आणि त्याच वर्षी जूनमध्ये साइक्यो लाईनचा, दुसऱ्याचा मात्र फायदा झाला कारण पूर्वी तो इतका लांब होता की पुढचं स्टेशन चालत आलं की काय असं वाटायचं. हाराजुकुची ती लाकडी इमारतही २०२० मध्ये निवृत्त झाली. या स्टेशनांत बाहेर पडायच्या वाटेचा नंबर किंवा नाव आधी बघा आणि प्लॅटफॉर्मवरूनच त्या पिवळ्या पाट्यांच्या मागे जा. चुकीच्या बाजूने रस्त्यावर आलात तर वरून चालत दुरुस्त करण्यापेक्षा परत खाली जाणं सोपं.

शिंकान्सेन

मुंबई-अहमदाबादची बुलेट ट्रेन याच तंत्रावर होतेय त्यामुळे आपल्याकडे तिचं कौतुक बरंच झालंय, मी परत करत नाही. बुकिंग सांगतो. टोकियो, क्योटो, ओसाका, हिरोशिमा या लाईनला स्मार्टईएक्स नावाचं अॅप वापरा, परदेशी कार्ड घेतं, गाडी चुकणार असं वाटलं तर सुटायच्या आधी फोनवरच बदलता येते, आणि त्याच अॅपला सुइकाचा नंबर जोडला की गेटवर तेच कार्ड टेकवून आत. नाहीतर क्यूआर मिळतो. कागदी तिकीट काढलंत तर दोन कागद येतात, एक साध्या भाड्याचा आणि एक एक्स्प्रेसचा, ते एकावर एक ठेवून दोन्ही एकदमच गेटमध्ये घालायचे आणि पलीकडून न विसरता उचलायचे.

पूर्वी नोझोमीला तीन डबे अनरिझर्व्ह असायचे, मार्च २०२५ पासून दोनच राहिलेत, पहिला आणि दुसरा. आणि गोल्डन वीक, ओबोन, नवीन वर्ष या गर्दीच्या काळात नोझोमीला एकही अनरिझर्व्ह डबा नसतो. आपली मुलांच्या सुट्टीतली ट्रिप नेमकी एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला, म्हणजे बरोब्बर गोल्डन वीकमध्येच पडते, तेव्हा महिनाभर आधी बुक करा किंवा सरळ त्या आठवड्यानंतर जा, हॉटेलंही स्वस्त होतात.

सामानाचा नियम मे २०२० मध्ये आला. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर आणि २५० पर्यंत असेल तर डब्यातली शेवटची, मागे सामानाची जागा असलेली सीट बुक करायची. ती फुकट आहे, बुक करतानाच पर्याय निवडायचा. न करता मोठी बॅग घेऊन चढलात तर १,००० येन. घरी टेप घेऊन चाकांसकट मापून बघा, आपल्या मोठ्या बॅगा या सीमारेषेवर असतात. त्यापेक्षा भारी उपाय म्हणजे बॅग सोबत न्यायचीच नाही. हॉटेलच्या रिसेप्शनवर किंवा यामातो कुरिअरच्या काळ्या मांजराचं चिन्ह असलेल्या दुकानात द्या, टोकियोहून क्योटोला दुसऱ्या दिवशी पोचते. आपण पाठीवर एक छोटी सॅक घेऊन ट्रेनमध्ये बसायचं. यावर दोन-तीन हजार येन जातात आणि चाळिशीनंतरच्या कंबरेसाठी ते सगळ्यात चांगले खर्च केलेले पैसे आहेत.

टोकियोहून क्योटोला जाताना फुजी उजव्या हाताला दिसतो, ई सीट घ्या, साधारण ४५ मिनिटांनी शिन-फुजीच्या आसपास. हिवाळ्यात छान दिसतो, पावसाळ्यात फक्त ढग. येताना अर्थात डावीकडे, पण सीट तीच ई, कारण अक्षरं बदलत नाहीत.

आणि खाऊन-पिऊन चढा. डब्यातून फिरणारी ती ट्रॉली, कडक आइस्क्रीमवाली, टोकाइदो शिंकान्सेनवर ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी बंद झाली. बऱ्याच जणांची ती आठवण असते म्हणून सांगितलं. शाकाहारी असाल तर स्टेशनवरच्या एकिबेन बॉक्समध्ये, म्हणजे जेवणाच्या तयार डब्यात, काही मिळणं तसं अवघडच, दाशी म्हणजे माशाचं पाणी सगळीकडे असतं, म्हणून घरच्या दशम्या, चटणी, भाकरवडी जे असेल ते काढा. शिंकान्सेनमध्ये खायला कोणी हरकत घेत नाही. शहरातल्या लोकलमध्ये मात्र डबा उघडू नका, तिथे नुसतं फोनवर बोललात तरी डबाभर लोक जमिनीकडे बघायला लागतात.

क्योटो, ओसाका, कानाझावा

क्योटोत बसचा एक दिवसाचा पास होता, आठवतोय ना, तो बंद झाला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये विक्री थांबली आणि मार्च २०२४ नंतर जुना पासही चालेना. कारण उघड आहे, पर्यटकांनी बस इतक्या भरायच्या की गावातल्या म्हाताऱ्यांना चढता येईना. आता सबवे आणि बस मिळून एकत्र पास आहे, १,१०० येन. बसचं एकदाचं भाडं शहरात २३० येन सपाट, त्यामुळे रोज निदान पाच चकरा असतील तरच पास घ्या. स्टेशनहून कियोमिझु, गिनकाकु या बाजूला जाणारी पर्यटकांसाठीची एक्स्प्रेस बस जून २०२४ पासून सुरू झालीये, ५०० येन, आणि हा पास तिच्यावर चालतो.

खरं सांगायचं तर क्योटोत बसवर भिस्त ठेवूच नये. फुशिमी इनारीला क्योटो स्टेशनहून जेआर नारा लाईनने दुसरंच स्टेशन, इनारी, उतरलं की समोर देऊळ. फक्त लोकल पकडा, मियाकोजी रॅपिड तिथे थांबत नाही, परत तोच फास्ट-स्लोचा प्रकार. आराशियामाला जेआरने सागा-आराशियामा. गिओनला केइहान लाईन. उरलेलं सबवे आणि पाय.

ओसाकात विमानतळावरून येणारी हारुका २०२३ च्या मार्चपासून ओसाका स्टेशनच्या नव्या भूमिगत प्लॅटफॉर्मवर थांबते. पूर्वी उमेदाला, म्हणजे ओसाका स्टेशनच्या भागात, जायचं तर ती तिथून नुसतीच पुढे जायची आणि तेन्नोजी किंवा शिन-ओसाकाला बदलावं लागायचं.

कानाझावा ज्यांचं आवडतं आहे त्यांनी नीट वाचा. क्योटो-ओसाकाहून थंडरबर्ड एक्स्प्रेसमध्ये बसलं की थेट कानाझावा, ही सोय गेली. १६ मार्च २०२४ ला होकुरिकु शिंकान्सेन त्सुरुगापर्यंत वाढली आणि थंडरबर्ड आता त्सुरुगापर्यंतच जाते. तिथे उतरून जिन्यांनी वर, आणि शिंकान्सेनने पुढे. जोडगाडीचा वेळ काही मिनिटांचाच असतो, सगळा डबा एकदम पळतो, मोठी बॅग असेल तर लिफ्टजवळचा डबा घ्या किंवा बॅग आधीच पाठवा. टोकियोहून मात्र पूर्वीसारखंच एका गाडीत.

बस आणि खेडं

परत जाणारी माणसं हळूहळू लहान गावांकडे वळतात आणि तिथे ट्रेन संपून बस सुरू होते. टोकियोत तोएइची बस पुढून चढायची आणि चढतानाच पैसे द्यायचे. क्योटोत आणि बहुतेक खेड्यांत मागून चढायचं आणि उतरताना पुढे पैसे द्यायचे. गावाकडे मागच्या दाराशी मशीनमधून नंबराची चिठ्ठी येते ती घ्या, पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर फळा असतो त्यात आपल्या नंबराखाली भाडं वाढत जाताना दिसतं, रिक्षाच्या मीटरकडे बघतो तसं बघत बसायचं. उतरताना चिठ्ठी आणि मोजून सुटे पैसे एकत्र डब्यात. सुटे नसतील तर ड्रायव्हरजवळच्याच मशीनमध्ये हजाराची नोट घालून सुटे काढायचे आणि मग भरायचे, आणि हे गाडी थांबलेली असताना, चालत्या गाडीत उठलात तर ड्रायव्हर माइकवरून विनंती करतो.

इथे एक बारीक गोम आहे. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, आणि ५०० येनचं नाणं त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये बदललं. खेड्यातल्या काही जुन्या मशीन नवीन नोट किंवा नवीन नाणं घेत नाहीत. तुमच्या मागच्या ट्रिपच्या जुन्या नोटा घरी उरल्या असतील तर त्या अजून पूर्ण चालतात, त्या बसमध्ये वापरा. शंभर येनची नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा.

आणि आवडती एखादी छोटी लाईन असेल, होक्काइदोत वगैरे, तर ती अजून आहे का ते आधी तपासा. फुरानो ते शिंतोकु हा नेमुरो लाईनचा तुकडा मार्च २०२४ अखेर बंद झाला. माणसंच उरली नाहीत तर गाडी कोणासाठी चालवणार. अशा ठिकाणी आता बस असते, दिवसातून मोजक्या, आणि गुगल मॅप्सवर सगळ्या दिसतीलच असं नाही, थांब्यावरच्या खांबाला लावलेल्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. त्यात कामाचे दिवस वेगळे आणि शनिवार-रविवार-सुट्टी वेगळी असे कॉलम असतात, जपानी न येणाऱ्याने रंग बघायचा आणि फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून घ्यायचं.

शेवटच्या गाडीचं मात्र टोकियोतही खेड्यासारखंच आहे. रात्री साडेबारा-एकच्या दरम्यान सगळं बंद होतं आणि पहाटे साडेचार-पाचशिवाय काही सुरू होत नाही. शेवटची गाडी बऱ्याचदा पूर्ण अंतर जात नाही, मधल्याच एखाद्या कारशेडच्या स्टेशनला संपते, म्हणून नुसती वेळ बघू नका, शेवटचं स्टेशन कुठलं लिहिलंय तेही बघा. निशी-कासाईला जेवायला गेलात आणि गप्पा रंगल्या तर साडेअकरालाच उठा, नाहीतर टॅक्सीत एका रात्रीत तीन दिवसांचं ट्रेनचं भाडं जातं आणि यजमान बिचारे गादी घालायला लागतात.